ऑक्टोपसनं अंडी घातल्यावर
तुमच्या घरच्या टाकीतल्या ऑक्टोपस मादीनं अंडी घातल्यापासून खाणं सोडलंय, ते तुमच्या चुकीमुळे नाही. अंडी घातल्यावर दोन डोळ्यांच्या मधे असलेल्या ग्रंथींच्या स्रावामुळे मादीची भूकच मरते. अंड्यांवर पाणी फुंकत, ती साफ करत ती बसून राहते आणि पिल्लं निघाल्यावर मरते. घरी हे थांबवता येत नाही, मन घट्ट करा. तिचं बीळ हलवू नका, दिवे मंद ठेवा. खेकड्याचा तुकडा चिमट्यानं जवळ न्या. नाही घेतला तर लगेच काढा, नाहीतर तो कुजून पाण्यात विषारी अमोनिया वाढेल.

नर नव्हता म्हणून अंडी वाया गेली असं समजू नका, मादी शुक्राणू साठवून ठेवते. अंड्यांत काळे डोळे दिसले की पंपाच्या तोंडाला स्पंज लावा. तुमच्या ऑक्टोपसची जात कॅलिफोर्नियाची, दोन ठिपक्यांची. तिची पिल्लं थेट तळावर रांगतात, पण एकमेकांना खातातही. वेगवेगळी ठेवा. त्यांच्यासाठी जिवंत, अगदी बारीक कोळंबी आत्ताच मागवा.