दुसऱ्या टँकरसाठी कर्ज काढावे का?

आपल्याकडे 10,000 लिटरचा एक टँकर आहे, मागणी पुरी होत नाही आणि म्हणून बचत मोडून, उरलेल्या रकमेचे कर्ज काढून दुसरा टँकर घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझे मत आज तरी नकारार्थी आहे आणि त्याचे कारण आपणच कळवलेल्या वेळापत्रकात आहे.

विहिरीवर रांगेत 40 मिनिटे, मिनिटाला 250 लिटर देणाऱ्या नळावर भरायला आणखी 40, जाण्यायेण्यात 50 आणि रिकामा करायला 30, म्हणजे एका खेपेला 160 मिनिटे लागतात; 10 तासांच्या दिवसात त्यामुळे 3 खेपा होतात आणि चौथी अर्धवट राहते. दुसरा टँकर याच नळाच्या याच रांगेत उभा राहणार, म्हणजे हप्ता, विमा आणि चालकाचा पगार पूर्ण वाढेल, खेपा मात्र फार तर 6 होतील, तेही रांग न वाढल्यास.

त्याऐवजी विहिरीच्या मालकाशी लेखी करार करून तिथे 30,000 लिटरची उंचावरची टाकी बांधली, ती रात्री 2 तासांत भरून ठेवली आणि दुपारी पुन्हा भरली, तर जाड नळीने टँकर 10 मिनिटांत भरेल, रांग उरणार नाही आणि एक खेप 90 मिनिटांवर येईल. आहे त्याच गाडीच्या 6 खेपा होतील. अर्थात 30 टन पाण्याचा भार पेलणारा पाया आणि उपशाची परवानगी यांचा खर्च आधी काढावा; करार निदान टाकीचा खर्च वसूल होईपर्यंतचा असावा, नाहीतर ती टाकी मालकालाच भेट ठरेल.

एवढे करूनही मागणी उरली, तर हंगामापुरती गाडी खेपेच्या दराने भाड्याने घ्यावी. कर्जाचा विचार करायचाच झाला, तर वार्षिक सरासरीवर विसंबू नये, कारण हप्ता बाराही महिने सारखाच असतो. सर्वांत मंद तीन महिन्यांच्या खेपांतून डिझेल, पगार आणि दुरुस्ती वजा जाता हप्ता निघतो का, हे पाहावे. शिवाय डिझेल रोखीने भरावे लागते आणि गृहसंकुले बिल महिन्या-दीड महिन्याने देतात, त्यामुळे दोन महिन्यांचा चालू खर्च बचतीत राखून ठेवणे मला अनिवार्य वाटते. संकुलांकडून किमान खेपांची लेखी हमी मिळाल्यास तो कागद आणि गेल्या बारा महिन्यांची खेपवही मला पाठवावी. त्यावरून कर्जाचा आकडा पुन्हा तपासता येईल.