त्सेरश्ट्योररला ‘विनाशिका’ म्हणावं का?

प्रश्न असा होता की दुसऱ्या महायुद्धाआधीच्या जर्मन विमानांवर लिहिताना ‘त्सेरश्ट्योरर’ला (शब्दशः ‘नाश करणारा’, जर्मनांचं दोन इंजिनांचं हेवी फायटर) मराठीत विनाशिका म्हटलं तर चालेल का, आणि हेवी फायटरला ‘जड लढाऊ विमान’ म्हणणं बरोबर आहे का.

विनाशिका नको असं माझं स्पष्ट मत आहे. शब्दशः अर्थ जुळतो, जर्मन लोक नौदलातल्या डिस्ट्रॉयरलाही हाच शब्द वापरतात, पण मराठी वाचकाला विनाशिका म्हटलं की आयएनएस कोलकातासारखी युद्धनौका दिसते, आणि ‘विनाशिकेने धावपट्टीवरून उड्डाण केलं’ असं लिहिलंत की वाचक तिथेच अडखळला. विध्वंसकही नको, हिंदीत तीसुद्धा नौकाच आहे.

पण खरी गोम पुढे आहे. १९३४ च्या सुमारास जर्मन हवाई मंत्रालयाने ज्या विमानाची मागणी केली त्याला ‘काम्फत्सेरश्ट्योरर’ म्हणत. काम्फ म्हणजे लढाई, म्हणून आपण झटकन ‘लढाऊ’ लिहून मोकळे होतो, पण जर्मन हवाई दलाच्या भाषेत काम्फफ्लुगत्सॉइग म्हणजे चक्क बॉम्बर! फायटरला त्यांचा शब्द वेगळा, यागडफ्लुगत्सॉइग, म्हणजे शिकारी विमान. म्हणजे मंत्रालयाला एकाच विमानात दोन्ही कामं हवी होती, दोन इंजिनं, तोफा, शिवाय पोटात बॉम्ब ठेवायची जागा. फॉके-वुल्फ कंपनीचं एफडब्ल्यू ५७ आणि हेन्शेल कंपनीचं एचएस १२४ ही या मागणीला धरून केलेली डिझाइन्स, आणि मेसरश्मिटने मात्र बॉम्बची जागा गाळूनच टाकली, सगळा भर वेगावर दिला. मग मंत्रालयानेच मागणीचे दोन तुकडे केले, एक त्सेरश्ट्योरर आणि दुसरा श्नेलबॉम्बर म्हणजे वेगवान बॉम्बर, आणि मे १९३६ मध्ये पहिल्यांदा उडालेलं मेसरश्मिटचं बीएफ ११० पुढे त्सेरश्ट्योरर म्हणून निवडलं गेलं. त्यामुळे काम्फ गाळल्यावर उरलेला त्सेरश्ट्योरर हा नुसता छोटा केलेला शब्द नाही, ते विमानच वेगळं आहे, भाषांतरात हे दोन शब्द एक करू नका प्लीज.

आता ‘जड’. मराठीत जड म्हटलं की वजन जास्त झालेलं, नीट हलता न येणारं असंच वाटतं. एफडब्ल्यू ५७ ला ते शोभेल, त्याचे पंख खरंच अंदाजापेक्षा खूप जड निघाले होते, पण हेवी फायटरमधलं हेवी मुख्यतः जास्त तोफा आणि लांब पल्ला यासाठी आहे. फॉके-वुल्फचे डिझायनर कुर्ट टांक यांचं एफडब्ल्यू १८७ फाल्के बघा, फाल्के म्हणजे ससाणा, १९३७ मध्ये ते दोन इंजिनांवर ताशी ५२० किमीच्या वर गेलं. याला जड कोण म्हणेल? मुळात एकाच वैमानिकाचं विमान, मंत्रालयाने दुसरी सीट बसवायला लावली, तरी मोठ्या प्रमाणावर उत्पादन काही झालं नाही. ‘भारी लढाऊ विमान’ लिहिलं तर बोली मराठीत ती शाबासकी होते, तेही गेलं.

मी असतो तर सर्वसाधारण अर्थाने ‘दुइंजिनी लढाऊ विमान’ लिहिलं असतं, लगेच कळतं. जर्मन विमानांपुरता मूळ शब्दच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ सांगा, सुरुवातीचा उच्चार चमच्यातल्या च सारखा पण लिहिताना ‘त्से’च, नाहीतर लोक चेंडूतला च वाचतील. लिंग नपुंसक धरा, विमान आहे म्हणून: ते त्सेरश्ट्योरर, अनेकवचनातही ती त्सेरश्ट्योरर.