आजोबांच्या पेटीतली टीका मोबाइलवर आणायची आहे, तर सुरुवात कुठून?

सलाम ताई,

तुमचं म्हणणं मला कळलं ते असं. आजोबा पाळक होते. त्यांच्या पेटीत जुनी मराठी टीकापुस्तकं, म्हणजे बायबलच्या वचनांचा अर्थ उलगडणारी पुस्तकं, निघाली, बायबलचे टीकाकार मॅथ्यू हेन्रींचे इंग्रजी खंड निघाले आणि त्यातल्या एका भागाचा मराठी अनुवादही. हे सगळं नाताळपर्यंत मंडळीच्या अभ्यासगटाच्या मोबाइलवर यावं, वचनावर बोट ठेवलं की त्याचं स्पष्टीकरण उघडावं, अशी तुमची इच्छा आहे. त्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, असा तुमचा प्रश्न.

आधी इंग्रजी खंड पेटीत परत ठेवा. हेन्री, ॲडम क्लार्क, बार्न्स, जेमिसन-फॉसेट-ब्राउन ही सगळी इंग्रजी टीकाकार मंडळी केव्हाच डिजिटल झाली आहेत. बायबलसाठी मोफत सॉफ्टवेअर करणाऱ्या क्रॉसवायर संस्थेच्या स्वॉर्ड या डिजिटल ग्रंथालयात त्यांची पुस्तकं फुकट मिळतात आणि अँडबायबल ॲपमध्ये दहा मिनिटांत उतरवता येतात. त्यावर तुमची एकही संध्याकाळ घालवू नका. मराठी टीकेचं मात्र तसं नाही. ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींनी नव्या करारावर मराठीत टीका लिहिली आणि ते 1906 साली वारले. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं मराठी माणसाला आपल्या भाषेत वचनाचा अर्थ सांगणारं लेखन आपल्याजवळ आहे, पण पुण्यातल्या कितीतरी घरांत ते असंच पेटीत पडून आहे. ते बाहेर काढायला दुसरं कोणी येणार नाही. तुमची ताकद तिथे लावा.

आता हक्कांचं. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून 60 वर्षं हक्क टिकतो. लेखक हयात नसताना पुस्तक पहिल्यांदा छापलं गेलं असेल, तर 60 वर्षं प्रकाशनापासून मोजायची. पेटीतला तो अनुवाद इथेच अडचणीत आणेल. हेन्री 1714 मध्ये वारले म्हणून अनुवादही मोकळा झाला, असं होत नाही. अनुवाद ही अनुवादकाची स्वतंत्र कृती असते आणि तिची वर्षं त्याच्या मृत्यूपासून मोजली जातात. अनुवादक कधी वारले हे नक्की कळेपर्यंत ते पुस्तक बाजूला ठेवा. आणि टीकेच्या सोबतीला म्हणून आजच्या छापील बायबलचा मजकूर उचलून घालू नका, त्यावर संस्थेचा हक्क असू शकतो. जुन्या टीकाकाराने वचन जसं उद्धृत केलं असेल तसंच राहू द्या.

तुम्ही लिहिलंय की समासात आजोबांच्या पेन्सिलीच्या नोंदी आहेत. ताई, त्या कृपा करून खोडू नका आणि टीकेत मिसळूही नका. त्या आजोबांच्या आहेत, त्यांचा हक्क वारसांकडे जातो. घरातल्या सगळ्यांची लेखी संमती घ्या आणि त्या नोंदींचं वेगळं छोटं पुस्तक करा. अभ्यासगट एखाद दिवशी टीकेपेक्षा तेच आधी उघडेल.

स्कॅनिंग घरीच करा. मी सुरुवातीला एक जुना ग्रंथ लक्ष्मी रोडच्या बाजूच्या एका दुकानात दिला होता. पानं मशीनमध्ये भराभर जावीत म्हणून त्यांनी न विचारता शिवण कापली. बांधणीत गेलेली आतल्या बाजूची अक्षरं त्या कापण्यात कायमची गेली, आणि पुस्तक माझं नव्हतं, एका वृद्ध बाईंचं होतं. त्यांना ते परत देताना काय वाटलं ते मी विसरलेलो नाही. पुस्तक पूर्ण उघडू नका, साधारण काटकोनात धरा. दोन्ही बाजूंनी दिवा ठेवा, वरून मोबाइल स्टँडला लावा. रेझोल्यूशन 300 डीपीआयच्या (एका इंचात 300 ठिपके) खाली नको, तळटिपांचा बारीक टाइप असेल तर 400 घ्या. रंगीतच काढा. काळंपांढरं केलं की फिकट अनुस्वार आधी उडतात. पावसाळ्यात दमट पानं एकमेकांना चिकटतात, म्हणून हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करा.

खरी मेहनत यानंतर आहे. टेसेरॅक्ट हे पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारं सॉफ्टवेअर मराठी ओळखतं, पण आजची मराठी. 1962 च्या लेखननियमांआधीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नांव’, ‘करणें’, ‘देवानें’ असं छापलेलं असतं. यंत्र ते कधी तसंच वाचतं, तर कधी परस्पर ‘काही’ करून टाकतं. एकाच पानावर दोन्ही रूपं दिसली की समजा, यंत्राने आपल्या मनाचं केलंय. ‘थ’चा ‘य’, ‘भ’चा ‘म’, ‘घ’चा ‘ध’ होतो तो वेगळाच. यावर प्रत्येक ओळ पानाशी ताडून पाहणं हाच उपाय आहे. एकाने मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने पडद्यावर बघावं. आमच्याकडे दोन आज्या वाचायला बसायच्या. त्यांना जुनी रूपं तोंडपाठ होती, त्यांच्या कानातून चूक निसटत नसे.

सगळं लेखन आजच्या नियमांप्रमाणे करून टाकावं, असं तुमच्या मनात आहे. मी तुम्हाला कळकळीने सांगतो, मूळ प्रतीत ते करू नका. ‘घरांत’ हा शब्द घ्या. जुन्या लेखनात तो एका घरात असाही असतो आणि अनेक घरांमध्ये असाही. यंत्राला सगळे अनुस्वार काढ म्हटलं तर दुसरा अर्थ मरतो. ‘केलें’ आणि ‘केले’ यांतला फरकही तसाच. नपुंसकलिंगी एकवचन आणि पुल्लिंगी अनेकवचन कुठलं, हे तिथे तो एक ठिपका सांगतो. टीकेत तर कोणी काय केलं यावरच सगळा अर्थ उभा असतो. शोधण्याच्या सोयीसाठी नवं लेखन हवं असेल तर दुसरी प्रत करा, पहिलीला हात लावू नका.

आता संदर्भांकडे या, कारण बायबलवरची टीका इतर जुन्या पुस्तकांपासून इथेच वेगळी होते. तिचा जीव ‘योहान ३:१६’ अशा हजारो छोट्या खुणांत असतो. ही खूण ओळखली गेली तरच वाचक तिथून वचनावर जाऊ शकतो. देवनागरी आकड्यांमधला अपूर्णविराम यंत्र पुष्कळदा विसर्ग म्हणून वाचतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दोन ठिपके दिसतात, डोळ्याला काही कळत नाही, पण ॲपच्या दृष्टीने तो संदर्भच उरत नाही. मी पहिल्या पुस्तकात सगळे विसर्ग एका फटक्यात बदलले आणि पुस्तकभर ‘अंतःकरण’ व ‘दुःख’ मोडले. ते दुरुस्त करण्यात आठवडे गेले. आधी आकडा असेल तरच विसर्गाचा अपूर्णविराम करायचा, असा नियम लावा. ‘१’ आणि ‘९’ची अदलाबदल मात्र नियमाने सुटत नाही. ‘९ करिंथ’ नावाचं पुस्तक नाही म्हणून ते तरी सापडतं, वचनाच्या आकड्यातली चूक डोळ्यानेच पकडावी लागते.

आणि ‘जखऱ्या’ संदेष्टा. या एका नावात किती त्रास साठलेला आहे! त्यातला ऱ्य युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो: एक खाली ठिपका असलेल्या ‘ऱ’पासून, दुसरा साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला दोन्ही एकच. शिवाय यंत्र तिसराच ‘जखर्या’ काढतं. तिन्ही रूपं फाइलमध्ये राहिली, तर संदेष्ट्याच्या निम्म्या संदर्भांवर बोट ठेवूनही काही उघडत नाही. ‘अ’ला चंद्र जोडून केलेला ॲ आणि एकसंध ‘ॲ’ यांचंही तेच. पहिल्याच दिवशी एक रूप ठरवा, कागदावर लिहा, भिंतीला लावा.

‘व. ६’, म्हणजे वचन ६, असं नुसतं लिहिलेलं असेल तर अध्याय कोणता हे मागचं वाचूनच कळतं. तिथे पूर्ण संदर्भ खुणेत भरायचा, छापील मजकूर ‘व. ६’च ठेवायचा. वचनांची मोजणीही सगळीकडे एक नसते. मलाखीचे हिब्रूत तीन अध्याय, आपल्याकडे चार. योएलचे हिब्रूत चार, आपल्याकडे तीन. स्तोत्र ५१ मध्ये शीर्षक हिब्रूत पहिली दोन वचनं म्हणून मोजलं जातं, त्यामुळे पुढचं सगळं दोनने सरकतं. ३ योहानात कुठे १४ वचनं, कुठे १५. टीकाकाराने कोणती मोजणी धरलीय ते आधी बघा, नाहीतर स्पष्टीकरण शेजारच्या वचनाला जाऊन चिकटतं आणि वाचणाऱ्याला कोणी सांगतही नाही.

राहिला सॉफ्टवेअरचा प्रश्न. मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये युटीएफ-८ या युनिकोडच्या रूपात ठेवा. प्रत्येक स्पष्टीकरणाच्या डोक्यावर तीन डॉलरची चिन्हं आणि पुढे रोमन लिपीत पुस्तकाचं नाव, अध्याय, वचन. स्वॉर्डची साधनं यावरून टीकेचं मॉड्यूल, म्हणजे ॲपमध्ये उतरवता येणारं पुस्तक, बनवतात. टीका एकेका वचनावर नसून तुकड्यावर असेल, समजा योहान ३ च्या १ ते २१ वचनांवर, तर ओसिस ही बायबलच्या मजकुरात खुणा घालण्याची पद्धत जास्त बरी, तिच्यात पूर्ण पल्ला नोंदवता येतो आणि सोळाव्या वचनावरूनही तोच तुकडा उघडतो. पुढे दुसऱ्या ॲपसाठी लागलं, तर याच फाइलवरून करता येईल.

माहितीपत्रकात खरं लिहा: कोणती आवृत्ती, कोणतं साल, कोणती पानं फाटलेली. हेन्रींचंच बघा. त्यांच्या हातून प्रेषितांच्या कृत्यांपर्यंत लिहून झालं, पत्रं आणि प्रकटीकरण त्यांच्या मृत्यूनंतर इतर पाळकांनी पुरं केलं. तरी रोमकरांस पत्रावरचं वाक्य लोक हेन्रींच्या नावावर सांगतात. तुमच्या पुस्तकाबाबत असं होऊ नये.

नाताळपर्यंत सगळी पेटी होणार नाही, नव्या करारातल्या फिलेमोनास पत्रावरची टीका होईल. एकच अध्याय, २५ वचनं. स्कॅन, वाचन, खुणा, मॉड्यूल, सगळं त्या एकावर करा. पहिली चार पानं झाली की स्कॅन आणि टेक्स्ट दोन्ही मला पाठवा, मी ओळीला ओळ लावून बघतो.