एक बाही काठाची, एक साधी

प्रश्न : आईच्या जुन्या माहेश्वरी साडीचं जाकीट शिवायचंय. एक बाही काठाची, दुसरी साधी, पाठीवर पदर तिरका. सासूबाई म्हणतात, "लग्नात हे ध्यान?" शिंपी म्हणतो, उसवेल. काय करू? – एक वाचक, इंदूर

उत्तर : शिंप्याचं ऐका. माहेश्वरीत बहुधा उभा धागा रेशमी, आडवा सुती आणि वीण हलकी. ताण आला की शिवणीजवळ धागे सरकतात, आधी काखेत. साडी उजेडात धरा, घडीवर विरली असेल तेवढा भाग सोडा. अस्तराला मलमल घ्या, भिजवून वाळवलेली. कोरी लावलीत तर पहिल्या धुण्यात आटेल नि जाकीट चोळामोळा होईल. दोन्ही कापडांना धावदोरा घालून मगच एकत्र बेता. माया (शिवणीबाहेर सोडायचं कापड) दीड सेंटिमीटर, सुई ११ नंबर, काख सैल. तिरका कापलेला पदर लोंबतो, म्हणून रात्रभर टांगून सकाळी खालची कड सारखी करा. काठ दोन्हीकडून सारखा दिसत असेल तर बाही खुशाल दुमडा. हीच खरी गंमत!

सासूबाईंचं म्हणाल, तर हेच जाकीट एकरंगी साडीवर घाला. साडी दिसली की निम्मी कुरकुर थांबते. उरलेली ऐकून घ्या, बाह्या मात्र सारख्या करू नका.