गोव्यातून पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमध्ये गेलेल्यांवर ब्रेक्झिटचा काय परिणाम झाला?

पोर्तुगाल युरोपीय संघात असल्याने या पासपोर्टवर पूर्वी ब्रिटनमध्ये राहता-कामाला येत असे; ब्रेक्झिटने, म्हणजे ब्रिटन संघातून बाहेर पडल्याने, ते बदललं. आता सगळं एका तारखेवर ठरतं: ३१ डिसेंबर २०२०. त्याआधी ब्रिटनमध्ये राहायला आलेल्यांना 'ईयू सेटलमेंट स्कीम'मधून (युरोपीय संघाच्या नागरिकांसाठीची ब्रिटिश सरकारची योजना) हक्क टिकवता येतात. सलग पाच वर्षं वास्तव्य असेल तर 'सेटल्ड' (कायम राहण्याचा), कमी असेल तर 'प्री-सेटल्ड' (तात्पुरता) दर्जा. अर्जाची मुदत ३० जून २०२१ ला संपली. उशिरा अर्ज करायचा तर सबळ कारण पुराव्यासह द्यावं लागतं, आणि 'माहीत नव्हतं' एवढं सहसा पुरत नाही.

३१ डिसेंबर २०२० नंतर पोर्तुगीज पासपोर्ट काढणाऱ्यांनी नीट समजून घ्या: त्या पासपोर्टवर युरोपीय संघात राहता येतं, ब्रिटनमध्ये नाही. स्विंडन किंवा साउथॉलमध्ये नोकरी करायची तर इतर परदेशी नागरिकांसारखाच वर्क व्हिसा लागतो. भारतीय नागरिकत्व मात्र गेलेलं असतं. एजंट हे सांगत नसेल तर त्याला पैसे देऊ नका.

दर्जा असलेल्यांची नेहमीची अडचण वेगळी. हा दर्जा ऑनलाइन असतो, कार्ड मिळत नाही. पासपोर्ट नवा केला की त्याचा नंबर यूकेव्हीआय (ब्रिटनचा व्हिसा विभाग) इथल्या तुमच्या ऑनलाइन खात्यात लगेच बदला. नाहीतर विमानतळावर जुळणी होत नाही आणि एअरलाइन अडवू शकते. घरमालकाला, नोकरीच्या ठिकाणी 'शेअर कोड' (दर्जा ऑनलाइन तपासता येईल असा कोड) द्यायचा; तो ९० दिवस चालतो.

मूल ब्रिटनमध्ये जन्मलं आणि त्या वेळी आई-वडिलांपैकी एक 'सेटल्ड' असेल, तर ते जन्मतः ब्रिटिश नागरिक. फक्त 'प्री-सेटल्ड' असाल तर तसं आपोआप होत नाही. म्हणून पाच वर्षं भरताच 'सेटल्ड'साठी अर्ज करा, तो मोफत आहे.