पहिलं व्हॅलेंटाइन पत्र खरंच लंडनच्या टॉवरमधून गेलं होतं का?

ताई, तुम्ही टाकलेला फॉरवर्ड दर फेब्रुवारीत माझ्याकडेही येतो. ‘जगातलं पहिलं व्हॅलेंटाइन पत्र १४१५ साली ऑर्लेआँचा ड्यूक शार्ल याने लंडनच्या टॉवरमधल्या कैदेतून बायकोला लिहिलं.’ लेकीच्या शाळेच्या प्रकल्पात हे घालू का, असं विचारलंत. घालू नका. माणूस खरा, कैद खरी, आणि ज्याला पत्र म्हणतात ती कविताही खरी. पण तिन्हींची सांगड कुणीतरी भलतीच घातली आहे.

आधी तारीखच बघा. शार्ल पकडला गेला फ्रेंच आणि इंग्रजांमधल्या अझँकूरच्या लढाईत, २५ ऑक्टोबर १४१५ रोजी. म्हणजे त्या वर्षीच्या १४ फेब्रुवारीला तो फ्रान्समध्येच मोकळा होता! लढाईनंतर इंग्रजांना तो प्रेतांच्या ढिगाखाली जिवंत सापडला. एकविसावं वर्ष पुरं व्हायला महिना बाकी होता, आणि तेवढ्यात आयुष्य पाहून झालं होतं. १४०७ साली वडिलांचा पॅरिसच्या रस्त्यावर खून झाला, तो बर्गंडीच्या ड्यूकने, म्हणजे वडिलांच्या सख्ख्या चुलतभावाने घडवलेला. पुढच्या वर्षी आई गेली. पहिली बायको बाळंतपणात वारली. दुसरी बॉन, आर्मान्याकच्या काउंटची मुलगी. ‘बायको’ म्हणून फॉरवर्डमध्ये जिचा उल्लेख असतो ती हीच. नवऱ्याची सुटका तिला पाहायला मिळाली नाही. तो इंग्लंडमध्ये असतानाच ती वारली.

कैद म्हणजे साखळदंड आणि अंधारकोठडी असं मात्र डोळ्यासमोर आणू नका. एवढा मोठा उमराव म्हणजे चालतीबोलती खंडणी. त्याला जपूनच ठेवत. टॉवर, विंडसर, पाँटिफ्रॅक्ट असं त्याला या गढीतून त्या गढीत हलवत राहिले. पण खंडणी घेऊन सोडायलाही तयार नव्हते, कारण फ्रान्सच्या गादीच्या तो फार जवळचा होता. अशी २५ वर्षं गेली. तिथेच तो इंग्रजी शिकला आणि फ्रेंचमध्ये कवितांमागून कविता लिहीत गेला. धाकटा भाऊ झाँ तर १४१२ पासूनच इंग्रजांकडे ओलीस होता, आणि तो सुटला १४४५ मध्ये! सावत्र भाऊ द्युन्वा तेवढा बाहेर होता. फ्रेंच वीरांगना जोन ऑफ आर्कच्या बरोबरीने ऑर्लेआँ शहर वाचवणारा तो हाच.

१४४० मध्ये सुटका झाली, तीही कुणामुळे? वडिलांच्या खुन्याच्या मुलामुळे. बर्गंडीच्या फिलिपने खंडणीची जुळवाजुळव केली आणि आपली भाची मारी हिचं शार्लशी लग्न लावून दिलं. नवरी चौदा वर्षांची, नवरदेव शेहेचाळिशीत. या सोयरिकीत नेमकं कोणाचं काय साधलं यावर वेगळा धागा काढता येईल, इथे नको.

आता ती कविता. ‘रोंदो’ या छोट्या, ध्रुवपद परत येणाऱ्या घाटातली ती आहे, आणि ती सुटकेनंतरच्या, फ्रान्समधल्या ब्ल्वा गावातल्या दिवसांतली मानतात. ब्ल्वाच्या गढीत त्याने कवींचा दरबारच भरवला होता. फ्रान्स्वा व्हियोंसारखा बदनाम कवीही तिथे येऊन गेला. त्या काळी दरबारी मंडळींत १४ फेब्रुवारीला वर्षभरासाठी एकेकाला ‘व्हॅलेंटाइन’ जोडून द्यायची गंमत चाले. लग्नाशी त्याचा संबंध नाही. कवितेच्या सुरुवातीचा अर्थ साधारण असा:

प्रेमाला मी आता विटलोय, माझ्या गोड व्हॅलेंटाइनबाई,
माझ्यासाठी तुम्ही फार उशिरा जन्मलात
आणि तुमच्यासाठी मी फार लवकर.

पुढे म्हणतो, वर्षभरासाठी तुम्हाला माझ्या गळ्यात बांधणाऱ्याला देव क्षमा करो. हे विरहात झुरणाऱ्या नवऱ्याचं पत्र वाटतं का? थकलेला म्हातारा स्वतःचीच टर उडवतोय. फॉरवर्डमध्ये ‘विटलोय’चं ‘प्रेमाने व्याकुळ’ करून टाकलंय, तिथेच सगळा घोळ झाला.

फॉरवर्डसोबतचं ते सुंदर चित्र, टॉवरमध्ये बसून लिहिणारा आणि निरोप्याच्या हाती पत्र देणारा शार्ल, तेही तो गेल्यानंतर काही दशकांनी एका हस्तलिखितासाठी काढलेलं आहे. चित्रकाराने एकाच चौकटीत त्याला अनेकदा दाखवलंय; लोकांनी त्यातलं फक्त पत्र उचललं.

प्रकल्पाला खरंखुरं पत्रच हवं असेल तर मार्जरी ब्रूज हिने १४७७ मध्ये जॉन पॅस्टनला लिहिलेलं घ्या. इंग्रजीतलं सर्वांत जुनं उपलब्ध व्हॅलेंटाइन पत्र म्हणून ते ओळखलं जातं. हुंड्यावरून लग्न अडलं होतं आणि ती लिहिते, प्रेम असेल तर मला सोडू नका. हे आपल्याकडच्या मुलांना लगेच कळेल.

आणि शार्लला प्रकल्पात ठेवायचंच असेल तर वंशावळ काढायला सांगा. सदुसष्टाव्या वर्षी, १४६२ मध्ये त्याला मुलगा झाला. तो पुढे बारावा लुई म्हणून फ्रान्सच्या गादीवर बसला. त्या लुईनंतर गादीवर आला पहिला फ्रान्स्वा, तेहतीस वर्षं ओलीस राहिलेल्या त्या झाँचा नातू.