मिठापेक्षा व्याज जास्त खातंय

प्रश्न: मी रोज सायकलने कामावर जातो. हिवाळ्यात आमच्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. सायकलची किंमत 100 धरली, तर साधी दुसरी सायकल 25 ला मिळते. चार महिन्यांसाठी घेऊ का? शिल्लक 35 आहे. हीच चालवली तर चेन, कॅसेट (मागच्या चाकाची दातेरी चक्रं), ब्रेक पॅड बदलायला 8 लागतील, असं मेकॅनिक म्हणतो. तीन वर्षांचं ‘संरक्षण कवच’ 12 देऊन घेतलंय. क्रेडिट कार्डावर 70 बाकी आहे, व्याज महिना 3 टक्के, दरमहा 4 भरतो. वसंतात सायकल 90 ला विकून कार्ड फेडेन आणि वरचं मॉडेल घेईन.

उत्तर: दुसरी सायकल आत्ता घेऊ नका. पण तुमच्या पत्रातली खरी काळजीची ओळ कार्डाची आहे, आणि ती तुम्ही जाता जाता लिहिलीत.

70 वर 3 टक्के म्हणजे पहिल्याच महिन्याचं व्याज 2.1. तुम्ही भरता 4, त्यातलं निम्म्याहून जास्त व्याजातच जातं. या गतीने फिटायला 25-26 महिने लागतील आणि 70 चे सुमारे 101 होतील. चार हिवाळी महिन्यांचं व्याजच 8 होतं, म्हणजे मिठाने होणाऱ्या नुकसानाइतकं. मीठ वसंतात थांबतं, व्याज थांबत नाही.

तेच 25 आज कार्डावर भरलेत तर बाकी 45 राहते. हप्ता तोच ठेवला तर 14 महिन्यांत मोकळे व्हाल आणि व्याज 11 च्या आसपास पडेल. वाचले 20. म्हणजे ती साधी सायकल तुम्हाला 25 ला नाही, 45 ला पडणार होती. उरलेले 10 दुरुस्तीला आणि अडीनडीला राहू द्या.

90 ची आशा सोडा. हिवाळाभर रोज चालवलेल्या सायकलला नव्याच्या जवळपासचा भाव कोण देईल? आणि समजा मिळालेच 90, तरी तेव्हा बाकी 62 असेल. हाती उरतील 28. वरचं मॉडेल पुन्हा कार्डावरच येणार.

त्या कवचाचा मला राग येतो. अटींचा कागद तुम्ही सोबत जोडलात, त्यात गंज आणि वापरातली झीज दोन्ही वगळलेत. हिवाळा सायकलचं करतो ते नेमकं हेच. मिठाच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याला हे विकणं म्हणजे फसवणूक. रद्द करायची मुदत उरली असेल तर आजच लेखी कळवा आणि परत येतील ते पैसेही कार्डावर भरा.

आता सायकल. पूर्ण लांबीचे मडगार्ड लावा, पुढच्याला खाली रबरी फडका हवा, कारण चेनवर जाणारा चिखल बराचसा पुढच्या चाकाचा असतो. घरी आल्यावर कोमट पाण्याने हलकेच धुवा. जोराचा फवारा बेअरिंगमधलं ग्रीस घालवतो. खारट, ओली सायकल तशीच उबदार खोलीत ठेवू नका, उबेत गंज वेगाने धरतो. चेन पुसून ओल्या हवेत टिकणारं वंगण घाला. सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) काढून ग्रीस लावा, नाहीतर मिठाने तो फ्रेममध्ये अडकून बसतो. चेन मापायची पट्टी घ्या आणि चेन 0.5 टक्के लांबलेली दिसली की बदला, मग कॅसेट वाचते आणि मेकॅनिकचे 8 बरेच खाली येतात.

कार्ड शून्यावर आलं की जुनी, एका गिअरची, चेनला झाकण असलेली सायकल रोखीने जरूर घ्या.